नौदलाचा तळ कोठे असावा? : कल्याणची खाडी आणि सुरुंगनिवारण दल

घटक ६

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणास
• पाणसुरुंगांचे प्रमुख प्रकार आणि त्यांच्या निवारणाच्या दोन पद्धती सांगता येतील.
• नौदलाचा तळ निवडताना आश्रय आणि वाट या दोन गरजांमध्ये येणारा विरोध स्पष्ट करता येईल.
• कल्याण येथे शिवकाळात सुरू झालेल्या जहाजबांधणीचे व तिच्या मर्यादांचे भौगोलिक विश्लेषण करता येईल.
• सुरुंगनिवारण दलाचा तळ मुंबई बंदरात, खाडीच्या आतल्या भागात की अन्यत्र असावा, याविषयी कारणे देऊन स्वतःचे मत मांडता येईल.

६.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण बंदरांचे नैसर्गिक व कृत्रिम असे प्रकार पाहिले. प्रस्तुत घटकात आपण बंदराकडे संरक्षणाच्या दृष्टीने पाहणार आहोत.

कल्याणमध्ये उल्हास नदीच्या खाडीकाठी दुर्गाडी किल्ला आहे. मराठी आरमाराच्या आरंभाशी या जागेचे नाव जोडलेले आहे. २०२४ मध्ये भारतीय नौदलाची सेवानिवृत्त जलद युद्धनौका ‘टी-८०’ येथे आणून ठेवण्यात आली. कल्याण, डोंबिवली, ठाणे या परिसरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती पाहिली असेल. ही नौका पाहताना एक प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. आरमाराची सुरुवात जर येथे झाली, तर आरमाराचा तळ येथे का राहिला नाही? जहाजे बांधण्यास जी जागा योग्य ठरली, ती जहाजे ठेवण्यास अयोग्य का ठरली?

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. पाणसुरुंग शोधून नष्ट करणाऱ्या खास नौका भारतीय नौदलाकडे २०१९ पासून नाहीत. अशा नव्या नौका घेण्याच्या प्रस्तावास जुलै २०२५ मध्ये संरक्षण सामग्री खरेदी परिषदेने प्राथमिक मान्यता दिली. नौका येतील तेव्हा त्या कोठे ठेवायच्या, हे ठरवावे लागेल. एकदा धक्के, गोदी आणि कार्यशाळा उभ्या राहिल्या की तो निर्णय अनेक दशके बदलत नाही. म्हणून तळनिवडीमागील विचार समजून घेणे आवश्यक आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ पाणसुरुंग : स्वरूप व निवारण

पाण्याखाली ठेवलेला आणि जहाज जवळ आल्यावर फुटणारा स्फोटक म्हणजे पाणसुरुंग होय. त्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिला प्रकार स्पर्शसुरुंगाचा. तो बहुधा तारेने समुद्रतळाशी नांगरलेला असतो, पृष्ठभागाखाली काही अंतरावर तरंगत राहतो आणि जहाजाचा धक्का लागताच फुटतो. दुसरा प्रकार प्रभावसुरुंगाचा. तो समुद्रतळावर पडून राहतो. जहाजाच्या लोखंडी सांगाड्यामुळे होणारा चुंबकीय बदल, यंत्रांचा आवाज किंवा पाण्याच्या दाबातील फरक ओळखून तो फुटतो. काही प्रभावसुरुंगांत मोजणीची सोय असते. पहिली काही जहाजे सुखरूप जाऊ द्यायची आणि पुढच्या एखाद्या जहाजाखाली फुटायचे, अशी ही योजना असते. त्यामुळे एखाद्या वाटेने चार जहाजे गेली, म्हणून ती वाट निर्धोक झाली असे समजता येत नाही.

निवारणाच्याही दोन पद्धती आहेत. वाट झाडून काढताना नौका आपल्यामागे तारा किंवा उपकरणे ओढत नेते. तारेने नांगरलेल्या सुरुंगाची दोरी कापली जाते आणि वर आलेला सुरुंग नष्ट केला जातो. प्रभावसुरुंगांसाठी जहाजासारखे चुंबकीय क्षेत्र व आवाज निर्माण करून त्यांना दुरूनच फसवून फोडले जाते. दुसऱ्या पद्धतीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने समुद्रतळ तपासून प्रत्येक संशयास्पद वस्तू एकेक करून ओळखली जाते. त्यानंतर पाणबुडे किंवा दूरनियंत्रित यंत्रे तिचा निकाल लावतात. ही दुसरी पद्धत अधिक खात्रीची, परंतु संथ आहे.

येथे एक महत्त्वाची बाब लक्षात घ्यावी. समुद्रतळावर सुरुंगाच्या आकाराचे दगड, पिंपे, जुने नांगर, बुडालेल्या होड्यांचे अवशेष असे पुष्कळ काही पडलेले असते. शांततेच्या काळात तळाची वारंवार पाहणी करून नकाशा तयार ठेवला असेल, तर संकटाच्या वेळी फक्त नवी वस्तू तपासावी लागते. नकाशा नसेल, तर प्रत्येक वस्तू तपासावी लागते. म्हणजे सुरुंगनिवारणाचे निम्मे काम युद्धापूर्वीच, रोजच्या सरावात होत असते. ज्या दलाचा मुक्काम त्या पाण्यातच असतो, त्यालाच हे काम नीट जमते.

६.२.२ तळनिवडीचे निकष

कोणत्याही नौदल तळाकडून प्रामुख्याने दोन अपेक्षा असतात. पहिली आश्रयाची : वादळ, लाटा आणि शत्रू यांपासून जहाजे सुरक्षित राहिली पाहिजेत. दुसरी वाटेची : हवे तेव्हा, अडथळ्याविना, खोल पाण्यात जाता आले पाहिजे. या दोन अपेक्षा बहुधा परस्परविरोधी असतात. खाडीत जितके आत जावे तितका आश्रय वाढतो आणि वाट अरुंद होते. खुल्या समुद्राकडे जितके सरकावे तितकी वाट मोकळी होते आणि आश्रय कमी होतो.

सुरुंगनिवारण दलाच्या बाबतीत आणखी काही निकष जोडावे लागतात.

(अ) अंतर व वेळ : या नौका वेगवान नसतात. एखादी नौका ताशी १२ सागरी मैल, म्हणजे १२ नॉट, या वेगाने निघाली असे मानू. मुंबई ते कोची हे समुद्रमार्गे सुमारे ५८० सागरी मैलांचे अंतर कापण्यास तिला दोन दिवस लागतील. श्रीलंकेला वळसा घालून विशाखापट्टणमला जाण्यास पाच दिवसांहून अधिक काळ लागेल. हा केवळ पोहोचण्याचा वेळ आहे, प्रत्यक्ष काम त्यानंतर सुरू होते.

(आ) दाराची आतली बाजू : ज्या बंदराचे तोंड सुरुंगांनी बंद झाले आहे, ते आतून उघडणारे दल आतच असावे लागते. दल बाहेर असेल, तर ते येईपर्यंत आतील युद्धनौका व व्यापारी जहाजे दोन्ही अडकून पडतात.

(इ) तळाची ओळख : ज्या समुद्रतळावर काम करायचे, त्याची नित्य पाहणी करता आली पाहिजे.

(ई) देखभाल : या नौकांचे सांगाडे लाकूड, काचतंतू किंवा अचुंबकीय पोलाद यांपासून बनवतात. त्यांची दुरुस्ती आणि चुंबकीय तपासणी यांसाठी विशेष सोयी लागतात. त्या प्रत्येक बंदरात उभारणे परवडत नाही.

(उ) विभागणी : सर्व नौका एकाच ठिकाणी ठेवल्यास एका आघातात सर्व निकामी होण्याचा धोका असतो.

(ई) हा निकष नौका एकवटण्यास सांगतो आणि (उ) हा निकष त्या विखुरण्यास सांगतो. आश्रय आणि वाट यांच्याप्रमाणेच हाही विरोध आहे. तळनिवड म्हणजे असे विरोध तोलणे होय. आता हे निकष घेऊन आपण प्रत्यक्ष उदाहरणांकडे वळू.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
१. प्रभावसुरुंग कोणत्या बदलांमुळे फुटतो?
२. शांततेच्या काळात समुद्रतळाचा नकाशा करून ठेवण्याचा लाभ एका वाक्यात सांगा.

६.२.३ कल्याण : आश्रय होता, वाट नव्हती

कल्याण हे अतिप्राचीन बंदर आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत त्याचा उल्लेख येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातही त्याची नोंद आहे. त्या नोंदीचा आशय असा की, पूर्वी येथे व्यापार कायदेशीर रीतीने चाले, परंतु नंतर या बंदरावर निर्बंध आले आणि येथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जाऊ लागली. कल्याण शहर जिंकले गेले नव्हते, तेथील गोदामे जळाली नव्हती, तरीही बंदराचा व्यापार थांबला. बंदर बंद पाडण्यास ते ताब्यात घ्यावे लागत नाही, त्याची वाट अडवली तरी पुरते, हे तत्त्व दोन हजार वर्षांपूर्वी याच खाडीने अनुभवले.

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून कल्याण व भिवंडी घेतली. येथे जहाजबांधणी सुरू करण्यामागची कारणे स्पष्ट होती. मागे सह्याद्रीच्या उतारावरील जंगलांतून लाकूड मिळत होते. परिसरात होड्या बांधणारे कारागीर होते. खाडीत लाटांचा मारा नव्हता आणि भरती-ओहोटीमुळे जहाज काठावर चढवणे व पाण्यात सोडणे सोपे जात होते. रुई लैतांव व्हिएगश या पोर्तुगीज कारागिराला आणि त्याच्या सहकाऱ्यांना या कामावर ठेवले होते. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात या जहाजांविषयी चिंता व्यक्त झालेली आहे. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी आपल्या कारागिरांना काम सोडून परत येण्यास प्रवृत्त केले.

आता नकाशा पाहू. कल्याणहून समुद्राकडे जाण्यास दोन वाटा आहेत. पहिली उल्हासच्या मुख्य प्रवाहाने घोडबंदरमार्गे वसईच्या खाडीत उतरते. दुसरी ठाण्याजवळ दक्षिणेकडे वळून ठाणे खाडीतून मुंबई बंदरात जाते. १६५७ मध्ये या दोन्ही वाटा पोर्तुगिजांच्या ताब्यात होत्या. साष्टी, ठाणे व वसई त्यांच्याकडे होती आणि मुंबईही १६६५ पर्यंत त्यांच्याकडेच होती. म्हणजे कल्याणला बांधलेले प्रत्येक जहाज समुद्राला लागण्यापूर्वी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर दुसऱ्याच्या अंगणातून जात होते. जमिनीच्या बाजूनेही कल्याण पुरेसे सुरक्षित नव्हते. १६६१ मध्ये मोगलांनी ते जिंकून घेतले.

यानंतरच्या निवडी पाहिल्या की विचारातील बदल ध्यानात येतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ झाला. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेले खांदेरी बेट मराठ्यांनी ताब्यात घेऊन तेथे तटबंदी उभारली. त्यानंतर कुलाबा किल्ला उभा राहिला. ही सर्व ठिकाणे खुल्या पाण्यात किंवा त्याच्या उंबरठ्यावर आहेत. खांदेरीवरून मुंबईत जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक जहाजावर नजर ठेवता येत होती. म्हणूनच इंग्रजांनी तिला कडवा विरोध केला आणि सिद्दीने जानेवारी १६८० मध्ये शेजारची उंदेरी व्यापली. आता विचार बंदराच्या दाराचा होऊ लागला होता.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्याच्या छावणीसाठी आरमार किल्ल्याच्या आश्रयाने खाडीत न्यावे, परंतु सारे आरमार एकाच जागी ठेवू नये, असा विचार त्यात मांडला आहे. आश्रय घ्यावा, पण विभागूनही राहावे, हा सल्ला वरील (उ) या निकषाशी किती जुळतो हे आपण ताडून पाहावे.

६.२.४ ठाणे : दोन वाटांचा सांधा

ठाण्याचे महत्त्व त्याच्या सांध्यामुळे होते. वसईकडे जाणारी आणि मुंबईकडे जाणारी अशा दोन्ही वाटा येथून आवाक्यात राहतात. पोर्तुगिजांनी १७३० मध्ये येथे किल्ला बांधण्यास सुरुवात केली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले आणि डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ते घेतले. त्या किल्ल्यात आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. शंभराहून कमी वर्षांत तीन सत्तांनी या एका जागेसाठी केलेली धडपड पाहिली, म्हणजे जलमार्गाच्या सांध्याची किंमत कळते.

मग आधुनिक नौदलाचा तळ ठाणे खाडीत आत का नसावा? याचे उत्तर निसर्गाने आणि आपण मिळून दिले आहे. खाडीच्या वरच्या भागात गाळ साचत गेला. ओहोटीला तेथे चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात आणि त्यांवर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. हा परिसर २०१५ पासून अभयारण्य असून २०२२ मध्ये त्यास रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आगगाडी आली. तेव्हापासून एकामागून एक पूल या पाण्यावरून गेले. पुलाखालून जाणाऱ्या नौकेची उंची मर्यादित राहते. शिवाय पूल पडला तर वाटही बंद होते. केवळ भरतीच्या वेळी हलू शकणारे आणि पुलांखालून वाट काढणारे दल संकटाच्या घडीला उपयोगी पडणार नाही. दुर्गाडीजवळची ‘टी-८०’ ही नौका मुळात उथळ पाण्यासाठी घडवलेली होती, हेही येथे लक्षात ठेवावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
१. कल्याणहून समुद्राकडे जाणाऱ्या दोन जलवाटा कोणत्या?
२. खांदेरीचे स्थान कल्याणपेक्षा कोणत्या बाबतीत वेगळे आहे?

६.२.५ मुंबईसमोरचे सुरुंग : १९१७

पाणसुरुंगांचा धोका मुंबईने प्रत्यक्ष अनुभवला आहे. पहिल्या महायुद्धात ‘वुल्फ’ ही जर्मन नौका मालवाहू जहाजाच्या वेषात नोव्हेंबर १९१६ मध्ये कील बंदरातून निघाली. तिच्या पोटात चारशेहून अधिक सुरुंग होते. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाजवळ व कोलंबोसमोर सुरुंग पेरून ती फेब्रुवारी १९१७ मध्ये मुंबईच्या समुद्रात आली. येथेही सुरुंग पेरून ती निघून गेली आणि पुढच्या वर्षी सुखरूप मायदेशी परतली.

सुरुंग पेरले गेले फेब्रुवारीत. ‘सिटी ऑफ एक्सेटर’ या जहाजाला मुंबईजवळ सुरुंगाचा तडाखा बसला जूनमध्ये. २३ जून १९१७ रोजी ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज मुंबईपासून सुमारे ५० मैलांवर सुरुंगाला लागून बुडाले आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तोवर सुरुंग पेरणारी नौका हजारो मैल दूर गेलेली होती. तोफ डागणारे जहाज दिसते. सुरुंग पेरणारे जहाज मात्र परिणाम दिसण्यापूर्वीच नाहीसे झालेले असते. म्हणून या धोक्यावरचा उपाय पाठलागात सापडत नाही. वाटेची नित्य तपासणी करणारे दल जवळ असणे, हाच त्यावरचा उपाय आहे.

वाट बंद झाल्यास काय होते, याची झलक सुरुंगाविनाही मुंबईने पाहिली आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली. ‘चित्रा’वरील अनेक कंटेनर पाण्यात पडले. मुंबई बंदर आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर यांना एकच मुख्य जलमार्ग आहे. बुडालेले कंटेनर शोधून मार्ग निर्धोक असल्याची खात्री होईपर्यंत दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबली. कंटेनर कोठे पडले असतील याचा साधारण अंदाज होता आणि ते फुटणारे नव्हते. सुरुंगांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नसतात.

हा जलमार्ग बंद पडला, तर त्याची झळ केवळ नौदलाला लागत नाही. न्हावा-शेवाहून येणारा माल भिवंडीच्या गोदामांत साठतो. डोंबिवली आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींना कच्चा माल लागतो. जवाहर द्वीपावर उतरणारे खनिज तेल माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांत जाते. खाडीच्या तोंडाशी एक दार बंद झाले, तर कल्याणच्या बाजारपेठेला ते जाणवण्यास फार दिवस लागणार नाहीत.

६.२.६ एकवटावे की विखरावे?

ऑक्टोबर १९५० मध्ये कोरियातील वोनसान बंदरासमोर सुमारे तीन हजार सुरुंग पेरलेले होते. तेथे उतरू पाहणारे अमेरिकी सैन्य समुद्रातच ताटकळले. वाट साफ करताना दोन सुरुंगनिवारक नौका बुडाल्या. सैन्य किनाऱ्यावर उतरले, तोवर दक्षिण कोरियाच्या फौजांनी जमिनीवरून येऊन ते शहर आधीच घेतले होते. समर्थ आरमार असूनही सुरुंगनिवारणाकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, याचे हे प्रसिद्ध उदाहरण आहे.

पुढे अमेरिकेने टेक्सास राज्यातील इंगलसाइड येथे १९९२ मध्ये नाविक तळ सुरू करून सुरुंगनिवारक नौका तेथे एकवटल्या. प्रशिक्षण, दुरुस्ती आणि नौका जवळजवळ असल्याने कौशल्य टिकले व खर्च आटोक्यात राहिला. परंतु सुरुंगांचा खरा धोका हजारो मैल दूर, इराणच्या आखातात आणि कोरियाच्या समुद्रात होता. त्यामुळे काही नौका बहरीनमध्ये आणि काही जपानमधील सासेबो येथे कायमच्या ठेवाव्या लागल्या. २००५ मध्ये इंगलसाइड बंद करण्याचा निर्णय झाला, नौका सॅन दिएगोला नेण्यात आल्या आणि २०१० मध्ये तळ बंद झाला. एकवटण्याचा लाभ शांततेत दिसतो, विखुरण्याचा लाभ संकटात दिसतो, असे या उदाहरणावरून म्हणता येईल.

आपल्या शेजारचे उदाहरणही बोलके आहे. १९७१ च्या युद्धानंतर चित्तगाव बंदर सुरुंग आणि बुडालेली जहाजे यांमुळे धोक्याचे झाले होते. नव्या बांगलादेशाला धान्य व मदत पोहोचवण्यासाठी ते तातडीने हवे होते. सोव्हिएत नौदलाचे पथक एप्रिल १९७२ मध्ये आले आणि त्याचे काम १९७४ पर्यंत चालले. सुरुंग पेरायला काही रात्री पुरतात, ते काढायला वर्षे लागू शकतात.

६.२.७ भारतीय नौदलापुढील निवड

सोव्हिएत संघात बांधलेल्या बारा ‘पाँडिचेरी’ वर्गाच्या नौका १९७८ ते १९८८ या काळात भारतीय नौदलात आल्या. रत्नागिरी, कारवार, भावनगर, काकिनाडा, कोकण अशी किनारी गावांची व प्रदेशांची नावे त्यांना दिली होती. प्रत्येक नौका सुमारे ६१ मीटर लांबीची होती. या नौका क्रमाने निवृत्त होत गेल्या. ‘कारवार’ आणि ‘काकिनाडा’ यांना मे २०१७ मध्ये मुंबईत निरोप देण्यात आला आणि शेवटची ‘कोझिकोड’ एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त झाली. गोवा शिपयार्डमध्ये परदेशी सहकार्याने बारा नौका बांधण्याची योजना त्यापूर्वीच, २०१८ मध्ये, रद्द झाली होती.

आता आपण शिकलेले निकष लावून पाहू. पश्चिम किनाऱ्यावरील दलासाठी तीन पर्याय समोर ठेवू.

पहिला पर्याय मुंबई बंदराचा. येथे १७३५ पासून गोदी आहे, दुरुस्तीची परंपरा आहे आणि पश्चिम नौदल कमानीचे मुख्यालय आहे. मुख्य म्हणजे दाराच्या आतली बाजू हा निकष येथे पूर्ण होतो. जलमार्गाची पाहणी रोज करता येते. उणिवाही आहेत. बंदरात जहाजांची गर्दी असते. समुद्रतळ गाळाचा असल्याने पडलेली वस्तू त्यात रुतते आणि गढूळ पाण्यात पाणबुड्यांना दिसत नाही. त्यामुळे येथे नकाशाची गरज इतर ठिकाणांपेक्षा अधिक आहे.

दुसरा पर्याय खाडीच्या आतल्या भागाचा. तेथे आश्रय अधिक मिळेल. परंतु गाळ, पूल, भरतीवरचे अवलंबन आणि पाणथळ प्रदेशाचे संरक्षण या कारणांनी तो तळासाठी बाद होतो. लहान नौकांचे सुटे भाग बनवणे, प्रशिक्षण, संग्रहालय अशा पूरक कामांना मात्र कल्याण-ठाणे परिसर योग्य ठरू शकतो. १६५७ चा निष्कर्ष येथे पुन्हा येतो : ही जागा निर्मितीची आहे, मुक्कामाची नाही.

तिसरा पर्याय कारवारसारख्या दक्षिणेकडील तळाचा. तेथे जागा ऐसपैस आहे आणि शत्रूच्या किनाऱ्यापासून अंतर अधिक आहे. परंतु सर्व नौका तेथे ठेवल्या आणि मुंबईचे तोंड बंद झाले, तर मदत पोहोचण्यास सुमारे एक दिवस जाईल व तळाच्या नकाशाची ओळखही कमी असेल.

यावरून असे दिसते की, मोठी दुरुस्ती व प्रशिक्षण एका ठिकाणी एकवटावे आणि प्रत्यक्ष नौका मात्र ज्या ज्या दाराचे रक्षण करायचे त्या त्या दाराच्या आत विभागून ठेवाव्यात. नौकांची संख्या कमी असेल, तर ही विभागणी कठीण होते. म्हणून नौका किती आणि तळ कोठे हे दोन प्रश्न वेगळे करता येत नाहीत. दूरनियंत्रित उपकरणे इतर जहाजांवर बसवून ही उणीव काही अंशी भरून काढता येते. परंतु त्या पाण्याची रोजची ओळख उपकरणाने येत नाही, ती माणसांच्या मुक्कामाने येते.

६.३ सारांश

तळाची निवड करताना आश्रय आणि वाट, एकवटणे आणि विखुरणे या विरोधी गरजा तोलाव्या लागतात. कल्याणच्या खाडीत आश्रय, लाकूड व कारागीर होते, परंतु समुद्राकडील दोन्ही वाटा दुसऱ्या सत्तेच्या हाती होत्या. म्हणून मराठी आरमाराची जहाजबांधणी येथे सुरू झाली, तरी त्याचे तळ पुढे खुल्या पाण्याकडे सरकले. १९१७ मध्ये मुंबईसमोर पेरलेल्या सुरुंगांचे परिणाम चार महिन्यांनी दिसले. त्यामुळे सुरुंगनिवारण हे नित्याचे काम आहे आणि त्याचे दल ज्या दाराचे रक्षण करायचे त्याच्या आतच असावे, हे स्पष्ट होते.

६.४ पारिभाषिक शब्द

पाणसुरुंग : पाण्याखाली ठेवलेला, जहाज जवळ आल्यावर फुटणारा स्फोटक.
सागरी मैल : समुद्रावरील अंतराचे एकक, १.८५२ किलोमीटर.
नॉट : ताशी एक सागरी मैल हा वेग.
जलमार्ग : जहाजांच्या ये-जा करण्यासाठी पुरेशी खोली असलेला निश्चित मार्ग.
छावणी : पावसाळ्यात आरमाराचा मुक्काम.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) चुंबकीय क्षेत्र, आवाज किंवा पाण्याचा दाब यांतील बदलांमुळे. (२) संकटाच्या वेळी सर्व वस्तू न तपासता केवळ नव्याने पडलेल्या वस्तू तपासाव्या लागतात.
प्रश्न २ : (१) घोडबंदरमार्गे वसईची खाडी आणि ठाणे खाडीतून मुंबई बंदर. (२) खांदेरी बंदराच्या तोंडाशी, खुल्या पाण्यात आहे. कल्याण खाडीच्या आत आहे.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘जहाजे बांधण्याची जागा आणि जहाजे ठेवण्याची जागा यांचे निकष भिन्न असतात.’ कल्याणच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. १९१७ ची ‘मंगोलिया’ दुर्घटना आणि २०१० ची जहाजांची टक्कर यांतील साम्य व भेद लिहा.
३. पश्चिम किनाऱ्यासाठी सहा सुरुंगनिवारक नौका उपलब्ध आहेत असे समजून त्यांची विभागणी सुचवा. प्रत्येक निर्णयामागील निकष नमूद करा.

६.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या जवळच्या खाडीकाठी, उदाहरणार्थ दुर्गाडी, डोंबिवलीचे रेतीबंदर किंवा कळव्याचा खाडीकिनारा येथे, एकाच दिवशी भरतीला व ओहोटीला असे दोनदा जा. पाण्याची पातळी, उघडा पडलेला गाळ, पुलांची संख्या आणि चालू असलेल्या होड्या यांची नोंद करा. परिसरातील ज्येष्ठ मासेमारांना त्यांच्या आठवणीतील खाडीची खोली विचारा. पाण्यात वा चिखलात उतरू नये. आपल्या नोंदींच्या आधारे ‘ही खाडी आज कोणत्या आकाराच्या नौकेला वाट देऊ शकेल?’ या विषयावर दोन पानांचे टिपण तयार करून संपर्कसत्रात सादर करा.